बगदादचा पोऱ्या

"बगदादचा राजा मारला," कंपाउंडर हिलाल वर्तमानपत्र दुमडत म्हणाला. "राजवाडाही जाळला म्हणे."

दवाखान्याच्या ओट्यावर कापसाचे बोळे करत बसलेल्या झुंबरबाईचा हात थांबला.

"बागनं काही लिखेल शे का भाऊ त्यामा?"

"बागेचं कोण कशाला लिहील?" हिलाल म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. झुंबरबाईचा नवरा त्याच राजवाड्यात माळी होता. त्यानं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं आणि ती बातमी खालपर्यंत वाचून काढली. बागेचं काही नव्हतं. माळ्यांचंही नव्हतं.

झुंबरबाईनं उरलेले बोळे केले, डब्यात भरले आणि बाळंतिणींच्या खोलीत गेली. अमळनेरच्या त्या दवाखान्यात ती आया होती. कमी बोलायची. तिचं घर म्हणजे बोरी नदीच्या अंगाला एका चाळीतली एक खोली.

तिचा नवरा वना लढाईच्या काळात मजुरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. जातीचा माळी, कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लढाई संपली, पलटण परतली, तो मात्र बगदादला राजाच्या बागेत राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी एकदा घरी आला. खजूर आणला, चार लोकांत बसून तिकडच्या गोष्टी सांगितल्या. निघायच्या आदल्या दिवशी झुंबरबाईनं विचारलं, "आते कव्हय येशात?"

"राजा ल्हान शे आजून," वना म्हणाला. "बाप मोटारमा मरी गया, मामा राज्य पाहास. पोऱ्या गादीवर बठना का बठ्ठा नोकरसले बक्षीस भेटी. मंग मी कायमना घर येसू."

"कितला वरीसना शे पोऱ्या?"

"तेरा."

झुंबरबाईला मूल नव्हतं. त्या दिवसापासून बगदादचा पोऱ्या तिच्या हिशेबात आला. दवाखान्यात त्या वयाचा मुलगा आला, की ती त्याच्या ओठावरची कोवळी लव बघायची. आपला राजा आता एवढा झाला असेल. एका हिवाळ्यात वनानं कळवलं, की राजाची आईही वारली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. शेजारच्या कुंदाबाईला वाटलं, हिला ताप आहे. तिनं भाकर आणून दिली. परक्या मुलखातल्या राणीसाठी जेवण जात नाही, हे सांगायचं तरी कसं? पोऱ्या पार पोरका झाला, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

अठराव्या वर्षी तो गादीवर बसला. हिलालनं तिला वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. गणवेशातलं बारीक, गोरं पोर. झुंबरबाईनं तो बराच वेळ पाहिला. त्याच आठवड्यात तिनं खोलीला चुना दिला, वनासाठी धोतरजोडी आणली. उन्हाळा गेला, नदीला पूर येऊन ओसरला. वना आला नाही. निरोप आला : राजाचं लगीन होऊ दे.

मग निरोपही विरळ होत गेले, पण तिनं आशा सोडली नाही. गेल्या वर्षी हिलालनंच सांगितलं होतं, की राजाचं लग्न ठरलं. त्या दिवशी तिनं बाळंतिणींना गूळ वाटला होता. कशाचा म्हणून कुणी विचारलं नाही.

दिवाळी झाली तरी वनाची खबर नव्हती. एका बाजारच्या दिवशी तिचा दीर चुडामण गावाहून आला. माणूस सरळ होता. दाराशी बसून खूप वेळ पागोट्याशी चाळा करत राहिला.

"वहिनी, भाऊ ऱ्हाता तर इतला दिनमा निरोप ऊना व्हता," तो अखेर म्हणाला. "त्याना जीव तठे अडकेल नको. दहावं करी टाकू."

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला नाही, बांगड्यांकडे पाहिलं नाही. "थोडा थांब," म्हणाली. "धुळाले एक माणूस ऊना शे तठून. त्याले ईचारी येस."

धुळ्याचा धनसिंग बगदादला एका कंपनीत मोटार चालवायचा. गडबडीनंतर नोकरी सुटली आणि तो परतला होता. झुंबरबाई एसटीनं गेली, विचारत विचारत त्याच्या दारात पोचली. तो खाटेवर बसून दाढी करत होता. वनाचं नाव काढताच त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"तुम्ही त्याच्या कोण, बाई?"

त्याच्या डोळ्यांतला संकोच तिला दिसला. बायको म्हटलं, तर हा खरं बोलणार नाही.

"शेजारनी," ती म्हणाली. "त्यास्ना घरनास्नी धाडं मले."

"मग हरकत नाही." धनसिंग मोकळा झाला. "वना खुशाल आहे. राजा गादीवर बसला, त्याच साली त्यानं राजवाडा सोडला. नदीकाठी भाजीचा मळा केलाय. बाई तिकडचीच आहे. दोन पोरं. गडबडीत त्याला काही झालं नाही, मी स्वतः भेटून आलो."

"आनि आठली बायको?"

"ती वारली ना? तो तर तसंच सांगतो सगळ्यांना."

धनसिंगच्या बायकोनं चहा आणून ठेवला. झुंबरबाईनं तो बशीत ओतला, फुंकून प्यायली. बशी खाली ठेवली.

"आनि राजा?"

"कोण, तो पोरगा?" धनसिंगनं मान हलवली. "लोकांचा राग त्याच्या मामावर होता. सकाळी लष्करानं राजघराण्यातल्या सगळ्यांना अंगणात आणलं आणि गोळ्या घातल्या. लग्न तोंडावर आलं होतं हो."

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर कापूस फुटलेली शेतं होती. वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकल्या होत्या. शेजारच्या बाईनं कुठं जाता विचारलं; झुंबरबाई म्हणाली, "घर." पाच वर्षांपूर्वीच वना मोकळा झाला होता. त्यानंतर ती ज्याची वाट बघत होती, तो नुसता पोऱ्याच होता.

चुडामण खोलीच्या दारात थांबला होता.

"काय कळनं, वहिनी?"

"जित्ता शेतस. खुशाल शेतस. दहावं नको."

"मंग कव्हय येतीन?"

"येवाव नहीत."

चुडामण तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून आणलेली वांगी उंबऱ्याआत ठेवली आणि गाडीच्या वेळेवर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई चाळीच्या नळावर आली. नेसत्या लुगड्यानिशी खाली बसली आणि डोक्यावरून पाणी घेऊ लागली, सुतकाचं घेतात तसं. कुंदाबाई घागर भरत होती.

"कोन गयं वं माय?"

"एक पोऱ्या." झुंबरबाईचा आवाज फुटला. "तेवीस वरीसना व्हता. लगीन ठरेल व्हतं."

"नात्यामधला?"

झुंबरबाईनं आणखी पाणी ओतून घेतलं. "हा," म्हणाली.

कुंदाबाईनं पदर खोचला, आपली भरलेली घागर उचलली आणि तिच्या डोक्यावर हळूहळू रिती केली.