रोज सकाळी एक

मी औषधाचं पाकीट बोलतोय. दुकानात सुट्या गोळ्या घालून देतात ना, ते तळहाताएवढं खाकी पाकीट. गोळ्या संपल्या की तुम्ही आम्हाला चुरगळून फेकता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग एकाच माणसावर आहे. त्याने माझ्या तोंडून खोटं वदवलं. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

माझा जन्म एका छापखान्यातला. पोटावर तीन चौकोन छापले गेले: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र. म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून ही चित्रं. पाठ मात्र कोरी ठेवली होती, जास्तीचं काही लिहायचं असेल तर लिहावं म्हणून. छापणाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी लिहील.

शंभराच्या गठ्ठ्यातून मी औषधवाल्या काकांच्या खणात येऊन पडलो. आसपासचे लोक काकांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत आणि काकांना ते भारी आवडे. चिठ्ठीवर एक नजर, फळीकडे हात, गोळ्या पाकिटात, चौकोनात आकडा, की पुढचं गिऱ्हाईक. "वीस वर्षं झाली, हात चुकलेला नाही," असं ते ज्याला त्याला ऐकवत. हात चालायचा हे खरं. डोकं बहुतेक वेळा फोनवर असायचं.

एका दुपारी एक बाई आली. घरची सून. सासूबाईंचे सांधे सुजले होते, बोटांची मूठ वळत नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी नवीन गोळी दिली होती.

तिच्या हातातली चिठ्ठी म्हणजे आमच्या घराण्यातलं वडीलधारं माणूस. वर रुग्णाचं नाव, वय, तारीख. मग ते आरएक्सचं चिन्ह, त्याचा अर्थ इतकाच की ‘घ्या’. खाली औषधाचं नाव, मेथोट्रेक्सेट. त्याची ताकद, दहा मिलिग्रॅम. किती गोळ्या, तर एका वेळी एक, महिन्याच्या मिळून चार. कोणत्या मार्गाने, तर तोंडाने. केव्हा, तर आठवड्यातून एकदा, सोमवारी. शेवटी सही. डॉक्टरांनी ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, असली आद्याक्षरंसुद्धा टाळून सगळं सुटं सुटं लिहिलं होतं, पण इंग्रजीत. चिठ्ठीची भाषा दुकानदारासाठी असते, माझी भाषा घरच्यांसाठी. एका भाषेतून दुसरीत नेऊन पोचवायचं, काकांचं काम तेवढंच होतं.

"काका, ही कशी द्यायची?" सुनेने विचारलं.

काकांच्या कानाला फोन होता. त्यांनी चारऐवजी दहा गोळ्यांची पट्टी माझ्यात सरकवली आणि उगवत्या सूर्याच्या चौकोनात ‘१’ ठोकून दिला. "पाकिटावर लिहिलंय बघा वहिनी."

आठवड्याला माझ्या पोटावर चौकोनच नाही हो! माझी पाठ कोरी होती. मला नुसतं उलटं केलं असतं तरी पुरे होतं.

सुनेने चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली आणि माझ्यावर विश्वास टाकला. रोज सकाळी चहाबरोबर मला उघडायची, एक गोळी काढायची. न चुकता, न विसरता. मी ओरडत होतो, पण कागदाचं कोण ऐकतं?

ही गोळी वाईट नाही, हे नीट ध्यानात घ्या. आठवड्याला एक घेतली तर सूज उतरवते. पण तिच्या उपकारक आणि घातक मात्रेत अंतर फार थोडं. ती मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि म्हातारपणी मूत्रपिंडं मंद झालेली असतात. एक गोळी निघून जाण्याआधी दुसरी हजर, तिच्यावर तिसरी. पाचव्या दिवशी सासूबाईंचं तोंड आलं. घरच्यांना वाटलं, उष्णता झाली. आठव्या दिवशी अंगावर जांभळे डाग उठले. दहाव्या दिवशी तापाने फणफणलेल्या त्यांना रुग्णालयात नेलं.

"गोळ्या कशा दिल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज सकाळी एक," सून म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं. आणि सुनेचा नवरा सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसला, "तुला साधं पाकीट वाचता येत नाही?" दहा दिवसांत त्याने स्वतः मला एकदाही हातात घेतलं नव्हतं. दोन दिवस सून वॉर्डबाहेरच्या बाकावर अन्नपाण्याशिवाय बसून होती. तिलाही वाटायला लागलं होतं की चूक आपलीच.

त्या वॉर्डच्या सिस्टरचा एक नियम होता. घरून आलेली सगळी औषधं काढून घ्यायची आणि त्यांची पाकिटं, चिठ्ठ्या रुग्णाच्या कागदांना टाचून ठेवायच्या. त्यामुळे चिठ्ठी आणि मी शेजारी शेजारी बसलो. टाचणी पाठीत घुसली तेव्हा दुखलं, पण मी मनातल्या मनात हसलो. आता ये म्हटलं, काका.

तिसऱ्या दिवशी बातमी ऐकून काका वॉर्डच्या दाराशी आले, हातात फळांची पिशवी. "मी तोंडी सांगितलं होतं हो, आठवड्यातून एकदा. वहिनींचं लक्ष नसेल," ते सासूबाईंच्या मुलाला म्हणाले. मग सिस्टरकडे वळून हळूच, "ते रिकामं पाकीट द्या ना. उगाच कचरा कशाला?"

सिस्टर शिकाऊ मुलींना शिकवत होत्या: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्यांनी कागद काकांसमोर धरले. "कचरा आहे की नाही ते बघू. वाचा. मोठ्याने वाचा, मुलींना ऐकू येऊ द्या."

"सिस्टर, अहो..."

"वाचा."

"रोज... सकाळी एक."

"अक्षर कुणाचं?"

काकांनी फळांची पिशवी खाली ठेवली.

"आता शेजारची चिठ्ठी वाचा."

"आठवड्यातून एकदा." एवढं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू? मुलाने मान खाली घातली. त्याचंही मला बरंच वाटलं.

काकांनी हात जोडले. "वहिनी, चूक झाली."

सून बाकावरून उठून उभी राहिली. "पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘आज नको गं देऊस, तोंड जळतंय.’ मी बळेच दिली. पाकिटावर आहे म्हणून दिली. मला तुमची माफी नको. आत जा आणि त्यांना सांगा, की ही बरोबर वागत होती."

काका आत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी खुणेने सुनेला जवळ बोलावलं आणि तिचा हात धरून ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

पुढे चौकशी झाली. काकांचा परवाना काही महिने बंद राहिला. आता म्हणे ते प्रत्येक पाकिटावर अक्षर न् अक्षर लिहितात. लिहू देत. मी त्यांना माफ केलेलं नाही.

हल्ली मी सिस्टरच्या शिकवण्याच्या खोलीत काचेमागे असतो. वाकून वाकून मला वाचणाऱ्या पोरींनो, पोरांनो, एवढं ऐका. औषध हातात देताना ते कसं घ्यायचं हे घेणाऱ्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. अर्धं मिनिट लागतं. नाही घेतलंत, तर तुमच्या अक्षरातलं एखादं पाकीट कुठल्यातरी घरात रोज सकाळी उघडलं जाईल. आणि ते माझ्याहून जास्त रागीट निघेल.