खिडकीतली पिवळी चादर

जहाजाचं वर्णन ऐकावं तर कप्तानाच्या बायकोच्या तोंडून! तिकिटाच्या खिडकीत बसून ती एकदा सुरू झाली की नुसते सुट्टे पैसे मागायला आलेला माणूससुद्धा दोन तिकिटं घेऊन जायचा. "दीड तासाची सफर. बंदराबाहेर पडलं की इंजिन बंद, मग सगळा कारभार शिडांवर. दीपस्तंभाच्या पुढे वारा बदलतो, तो आधी गालाला कळतो. तिथे जहाज वळतं. वळलं की गावाकडे बघायचं बरं का! आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळी चादर दिसेल. ती मी लावते, खास तुमच्यासाठी. हात करायला विसरू नका."

आणि ही बाई एकोणीस वर्षांत त्या जहाजातून एकदाही समुद्रावर गेली नव्हती. आता बोला!

जहाजावर पायच ठेवला नव्हता असं नाही. ते धक्क्याला बांधलेलं असायचं तेव्हा ती रोज सकाळी चढायची. बाकं पुसायची, तरंगायची जॅकेटं मोजायची, नवऱ्याने कुठेही टाकलेले चष्मे गोळा करायची. दोन डोलकाठ्यांची जुनी स्कूनर ती, गावात सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. म्हातारीची फळी न् फळी हिला पाठ होती. पण दोर सुटायच्या आत ही खाली. लग्नाच्या आठव्या दिवशी कप्तानाने तिला हौसेने छोट्या होडीतून फिरवायला नेलं होतं आणि तिने त्याच्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर सकाळचा नाश्ता परत केला होता. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला तो लावलाच. वारा, वळण, गाल हे सगळं तिला नवऱ्याने जेवताना सांगितलेलं. मीठमसाला मात्र तिचा.

चादर तिची स्वतःची. पाचला जहाज सुटलं की ती तिकिटाची खिडकी बंद करून वर घरात जायची आणि सहाच्या ठोक्याला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पिवळीधमक चादर लटकवायची. पिवळीच का? तर दुकानात सगळ्यांत जास्त तीच डोळ्यांत भरली म्हणून. मग लांब, मावळत्या सूर्यासमोर काळ्या दिसणाऱ्या म्हातारीवरचं पुढचं लहान शीड खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. म्हणजे कप्तानाला चादर दिसली. हा त्याचा जबाब. तो मिळाला की ती चहाचं आधण ठेवायची आणि धक्क्यावर जाऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "दिसली का चादर?"

"दिसली, दिसली!" सगळे म्हणायचे. एकानेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

तर त्या दिवशी चारच्या सुमाराला खिडकीशी बाई आल्या. बाई आणि सर, दोघंही शाळेत शिकवून निवृत्त झालेले. अकरा वर्षं न चुकता सुट्टीला यायचे आणि आले की पहिल्याच संध्याकाळी जहाजावर. सर बडबडे, बाई मोजकं बोलणाऱ्या. आज बाई एकट्याच होत्या.

"दोन दे गं," त्या म्हणाल्या.

हिने दोन तिकिटं फाडली. "सर मागून येतायत वाटतं?"

बाई तिकिटांकडे बघत राहिल्या. "अगं, दोन कशाला मागितली मी?" त्या म्हणाल्या. "सवय बघ मेली. सर गेले. थंडीत गेले."

ती बाहेर आली, बाईंचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "एक तिकीट परत घेते मी," ती म्हणाली.

"नको. त्यावर तू चल माझ्याबरोबर."

"मी?"

"तूच. हे बघ, मी एका कामासाठी आलेय. अकरा वर्षांत मला तुझी चादर कधी दिसली नाही. ह्यांना दर वेळी दिसायची. 'ती बघ, ती बघ,' म्हणायचे, आणि मी आपली बघतेय नुसती. तीनदा चष्मा बदलला मी त्या चादरीपायी. आता दाखवायला ते नाहीत. तुझी खिडकी, तुझी चादर, तुझ्याइतकं नेमकं कोण दाखवणार? एकदा बघू दे मला ती. मग पुन्हा नाही आले तरी चालेल."

आली का पंचाईत! नाही म्हणावं तर कोणत्या तोंडाने? आणि हो म्हणावं तर पोटाचं काय? तेवीस पाहुण्यांसमोर शोभा झाली तर उद्यापासून त्या खिडकीत बसून कुणाला वाऱ्याच्या गोष्टी सांगणार? पण बाई तिच्याकडे अशा बघत होत्या की तिने स्वतःलाच बजावलं, मर गं, पण जा. वर जाऊन तिने चादर तासभर आधीच लटकवली, तीन चिमटे लावले, एक ओढून पाहिला, आल्याचा तुकडा दाढेखाली धरला आणि खाली आली.

तिला जहाजावर चढताना पाहून दोरखंडेच्या हातातला दोर सुटला. दोरखंडे म्हणजे जहाजावरचा जुना खलाशी, दोरांशी त्याचा जन्म गेला म्हणून हे नाव. "वहिनी, आता सुटतोय आपण. उतरा."

"उतरायला नाही आले."

दोरखंडेने कप्तानाकडे पाहिलं. सुकाणूच्या चाकामागे कप्तान उभा होता. त्याचं तोंड आधी खुललं, मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण ते पडलं. "अगं, तुला सोसायचं नाही," तो म्हणाला. "वाराही आज जरा…"

"सोसेल. बाईंना चादर दाखवायचीय."

कप्तानाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. ह्या माणसाला बायको बरोबर आली याचा आनंद नाही की काय, असं तिच्या मनात आलं आणि थोडं लागलंही. पण तेवढ्यात धक्का मागे सरकला, आणि तिला आल्याचा तुकडा चावण्यापलीकडे काही सुचेना.

पहिली दहा मिनिटं तिने बाकाची कड सोडली नाही. मग इंजिन थांबलं. आणि काय आश्चर्य, पोट पण थांबलं! शिडं भरली, म्हातारी एका अंगावर कलली आणि हलके हलके निघाली. लाकूड करकरत होतं, खाली पाणी सळसळत होतं, बाकी आवाज नाही. हे सगळं ती वर्षानुवर्षं लोकांना सांगत आली होती, आणि शपथेवर सांगायचं तर तिला स्वतःला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. गिऱ्हाईक पटवायचं बोलणं ते. आता ते एकेक करून खरं निघत होतं. दीपस्तंभ मागे पडला आणि वारा खरंच आधी गालाला कळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या जोडप्याने वाऱ्याला दोष दिला, तिनेही दिला.

"वळतोय!" कप्तान ओरडला. शिडांचे आडवे लाकडी वासे डोक्यावरून गेले, सगळे खाली वाकले, आणि जहाजाने तोंड फिरवलं. गाव समोर आलं.

बाईंनी तिचं मनगट पकडलं. "कुठे गं? दाखव."

तिने पाहिलं. आणि बघतच राहिली.

मावळतीचं ऊन समोरून गावावर पडलं होतं आणि अख्खं गाव पिवळं झालं होतं. भिंती पिवळ्या, गच्च्या पिवळ्या, खिडक्यांच्या काचा तर पेटल्यासारख्या. जिथे बघावं तिथे पिवळं. त्यात तिला आपली चादर तर सोडाच, आपलं घर सापडेना. एकोणीस वर्षं! स्वयंपाकघरात उभी राहून लटकवलेला, दुकानातल्या दिव्याखाली निवडलेला रंग. जहाजावर एकदा जरी आली असती तरी कळलं असतं. अगं अक्कल गहाण ठेवणाऱ्या बाई!

तिने वळून कप्तानाकडे पाहिलं. तो गावाकडे बघतच नव्हता. होकायंत्रात तोंड खुपसून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तेवढ्यात पुढचं लहान शीड सरसर खाली आलं आणि पुन्हा वर गेलं.

"बघा वहिनी," दोरखंडे दोर ओढता ओढता कुरकुरला, "वळून झाल्यावर हे उतरवायची काडीची गरज नसते. पण नाही, रोज म्हणजे रोज."

"कुठेय गं?" बाई पुन्हा म्हणाल्या.

आता खरं सांगावं तर बाई रिकाम्या हाताने जाणार. खोटं सांगावं तर… तिने बोट उगारलं. "ती काय, बाई. घड्याळाच्या मनोऱ्याच्या डावीकडे. गच्चीच्या खाली."

बाईंनी चष्मा पुसला, नाकावर चढवला, बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. ही घाबरली, आता रडणार असं वाटलं. पण बाई हसत होत्या.

"हे पण डावीकडेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "फक्त गेल्या वर्षी उजवीकडे म्हणाले." त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "खरं सांग. त्यांनाही दिसत नव्हती ना?"

हिने बोट खाली घेतलं. "नाही बाई. इथून कुणालाच दिसत नाही. मलाही आत्ताच कळलं."

"लबाड मेले!" बाई म्हणाल्या, आणि आता मात्र हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. "आणि मी तीन चष्मे केले गं! मला दिसत नाही म्हटलं की माझ्या खांद्यावर हात टाकायचे, गालाला गाल लावायचे आणि म्हणायचे, माझ्या बोटाच्या रेषेत बघ. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस चारचौघांत कधी माझ्या इतका जवळ आला नाही. शिस्तीचे ना! फक्त इथे, वर्षातून एकदा, ह्या वळणावर." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "खरं सांगू का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मीही फार मन लावून शोधत नव्हते."

कप्तानाच्या बायकोने बाईंच्या खांद्यावर हात टाकला. बाईंनी पिवळ्या गावाकडे बघून हात हलवला, आणि बाकीच्या बावीस जणांनी, सांगून ठेवलं होतं म्हणून, हात हलवले. "दिसली, दिसली!" शेजारचं जोडपं ओरडलं. ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

धक्क्याला लागल्यावर पाहुणे उतरले, बाई उतरल्या, दोरखंडे पळाला. कप्तान दोराची गाठ दुसऱ्यांदा तपासत होता.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"कधीपासून दिसत नाही?"

"पहिल्या दिवसापासून." तो गाठीशीच बोलत होता. "त्या दिवशी सांगणारच होतो. पण तू धक्क्यावर धावत आलीस, हातात कणीक तशीच, आणि विचारलंस, दिसली ना? तुझं तोंड बघून मी म्हटलं, दिसली. मग दुसऱ्या दिवशी कसं सांगू, की काल दिसली आणि आज नाही?"

"आणि दोन वर्षांपूर्वी आपण भांडलो होतो, तेव्हा तीन दिवस मी चादर लावलीच नव्हती!"

कप्तानाने मान वर केली. "लावली नव्हतीस?"

"नाही! आणि तिन्ही दिवस तुमचं शीड खाली-वर! मी म्हटलं, बघा, चूक कळली म्हाताऱ्याला, चादर नाही तरी सलाम ठोकतोय. म्हणून मी बोलायला लागले तुमच्याशी!"

"मला वाटलं, तूच माघार घेतलीस," कप्तान म्हणाला.

ती ओरडायचं ठरवून आलेली, पण हसू फुटलं ते आवरेना. कप्तानही हसायला लागला, आधी भीत भीत, मग खो खो. चहाचं आधण त्या दिवशी तिने ठेवलं नाही, कप्तानाने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चारला बाई पुन्हा खिडकीशी. "एक दे," त्या म्हणाल्या. हिने एकच फाडलं. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "ती चादर खरंच दिसते का हो?"

काल असतं तर तिने छातीठोक सांगितलं असतं. आज तिने आधी बाईंकडे पाहिलं. "ते तुमच्याबरोबर कोण आहे त्यावर आहे," ती म्हणाली, आणि त्यांना दोन तिकिटं दिली.

सहाला तिने चादर लावली. बदलून निळी आणावी असं सकाळी डोक्यात आलं होतं, पण पिवळीच लावली, तीन चिमट्यांनी. लांब, सूर्यासमोर, लहान शीड खाली आलं आणि वर गेलं. ती हसली आणि आधण ठेवायला वळली.

धक्क्यावर बाई सगळ्यांत शेवटी उतरल्या. "दिसली का चादर?" हिने सवयीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"मला कुठली दिसतेय," बाई म्हणाल्या. "पण ते गृहस्थ आणि त्यांची बायको आहेत ना, त्यांना दिसत नव्हती म्हणून शोधत होते बिचारे. म्हटलं, माझ्या बोटाच्या रेषेत बघा. लगेच दिसली बघ दोघांना."