हरणांसाठी उघडलेली बाटली

माझी उंची बोटभर, काच तपकिरी, झाकण काळे. मी व्हॅनिलाच्या अर्काची बाटली आहे. वस्तूने स्वतःविषयी बोलू नये, हे मी जाणते. तिला ज्या कामासाठी घडवले ते तिने करावे आणि संपावे. माझ्याकडून वेगळेच काम करून घेतले गेले, म्हणून बोलते.

कारखान्यात मला भरले गेले तेव्हा माझ्या पोटात दूरच्या उष्ण बेटावरच्या शेंगांचा अर्क आला. ते बेट मी पाहिले नाही. मी पाहिला तो सुपीरियर सरोवराकाठचा बर्फ, स्प्रूसचे दाट जंगल आणि त्या जंगलाला पाठ लावून उभे असलेले एक घर. त्या घरात लेम्पी राहत असे. तिने मला दुकानातून आणले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवले. मी रिकामी झाले की ती मोठ्या बाटलीतून मला पुन्हा भरी. टाकून देणे तिच्या स्वभावात नव्हते.

शनिवारी संध्याकाळी घरचे पुरुष परसातल्या सौनात वाफ घेऊन लालबुंद होऊन येत. तोवर चुलीवर तांदळाची खीर शिजलेली असे. लेम्पी माझे झाकण भरून अर्क तीत टाकी. एकच झाकण, त्याहून अधिक कधी नाही. मग तिचा नवरा आर्वो दारातून आत शिरे, आणि बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर टोपी राहिलेली असे.

"आर्वो, डोकं!" ती म्हणे. "देवाचं नाव काय टोपीतून घेणार?"

"टोपी काढली तर खाली काय उरतंय, ते तरी बघ," तो आपल्या टकलावर हात फिरवीत म्हणे. पण टोपी काढी, दोन्ही हातांत छातीशी धरी आणि मान खाली घालून उभा राही. प्रार्थना झाल्याखेरीज त्या घरात चमचा उचलला जात नसे.

ही माझी चांगली वर्षे होती. माझा वास ज्याला बोलावी, त्याला त्या घरात वाढले जात असे.

पुढे आर्वोची आठवण झिजू लागली. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग रस्ते गेले. त्याच सुमारास लेम्पीला दुखणे लागले. मरण्याच्या आठवड्यात तिने सुनेला, मार्लिनला, खाटेजवळ बसवले.

"माझ्या मागे ते मला शोधतील गं," ती म्हणाली. "रागावू नकोस. फक्त एकट्याला दाराबाहेर जाऊ देऊ नकोस. मला तेवढा शब्द दे."

"दिला, आई," मार्लिन म्हणाली.

तो शब्द तिने पाळला, याची मी साक्षीदार आहे. म्हातारा खरोखरच लेम्पीला शोधीत असे. एकदा तो रेल्वेच्या रुळांवर सापडला, एकदा गोठलेल्या ओढ्यापाशी. त्यानंतर मार्लिन दोन्ही दारांना कडी लावू लागली. त्याचा तपकिरी लोकरी कोट तो अंगावरून उतरू देईना. म्हणून, झाडीत कुणी हरीण समजू नये यासाठी शिकारी घालतात तशी भडक नारिंगी टोपी तिने आणली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली. "बाहेर जायचं तर ही, पप्पा," हे ती त्याला रोज सांगे, लहान मुलाला सांगावे तसे. शनिवारी ती त्याच्यासाठी खीर करी. मला उघडले की तो येऊन टेबलाशी उभा राही आणि विचारी, "लेम्पी आली का?" त्याच्या लेखी माझा वास जिथे, तिथे लेम्पी. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या मुलालाही, रेइनोलाही, ठाऊक होते.

नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. त्याच्या आदल्या दुपारी रेइनोचा चुलतभाऊ ओस्मो कॉफीला आला. पेल्यावर पेले रिकामे करीत त्याने रेइनोला टोचायला सुरुवात केली.

"यंदाही फ्रीजरमध्ये मटारच भरणार का रे?"

"हसून घे."

"हसतोय कुठे? मार्लिन, यानं शेवटचं हरीण आणलं तेव्हा तुमचं लग्न तरी झालं होतं का?"

"झालं होतं," मार्लिन म्हणाली. "साफ मलाच करायला लावलं होतं, चांगलं आठवतंय."

ओस्मो खो-खो हसला. रेइनो हसला नाही. मग ओस्मोने आवाज खाली आणला. "हे बघ, हरीण पाला खाऊन कंटाळलेलं असतं. त्याला स्वयंपाकघराचा वास दाखव. कुणी शेंगदाण्याचं लोणी खोडाला फासतं, मी बडीशेपेचा अर्क वापरतो. पण व्हॅनिलाची सर कशालाच नाही. फांदीला एक चिंधी बांध, बुटांच्या तळव्यांना थोडा लाव, चालत जा आणि गप बसून राहा. पाहुणा आपल्या पायानं येतो."

रेइनोची नजर फळीवर, माझ्यावर, आली.

"ती आईंची बाटली आहे," मार्लिन म्हणाली. "आणि पप्पा त्या वासावर उठून चालायला लागतात, ठाऊक आहे ना तुला?"

"जंगलात उघडीन. घरात कोण उघडतंय?"

"उघडू नकोस. शब्द दे."

"अगं, दिला," रेइनो म्हणाला, आणि ओस्मोकडे पाहून त्याने डोळा मिचकावला. कोपऱ्यात बसलेला आर्वो मान वर करून म्हणाला, "आज खीर आहे का?" 

त्या टेबलाशी बसून ते लोक रोज अन्नाबद्दल देवाचे आभार मानीत. त्याच टेबलाशी बसून, ज्याला घास द्यायचा नाही त्याला घासाच्या वासाने कसे बोलवावे, याची मसलत झाली. आणि कुणालाही त्यात विसंगत काही वाटले नाही. माणसे भुकेल्याला फसवतात तेव्हा त्याला ती युक्ती म्हणतात.

उजाडायच्या सुमारास मार्लिन सरपण आणायला तळघरात उतरली. रेइनोने मला फळीवरून घेतले. माझ्या गळ्याशी सुकलेल्या अर्काने झाकण चिकटले होते. बाहेरच्या थंडीत बोटे बधिर होतील आणि ते निघणार नाही, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला. त्याने मला चुलीच्या कडेला ऊब दिली, फडक्यात धरून झाकण पिरगळले, आणि तिथेच, स्वयंपाकघराच्या मधोमध, एकेक पाय उचलून बुटांच्या तळव्यांवर मला ओतले.

मार्लिन वर आली आणि दारातच थबकली. "इथेच उघडलीस?"

"झाकण घट्ट बसलं होतं. थेंबभर तर लावलंय."

"काल शब्द दिलास ना?"

"मार्लिन, उजाडतंय. मला जाऊ दे."

त्याने मला छातीवरच्या खिशात टाकले आणि तो निघाला. फरशी मार्लिनने साबणाने पुसून काढली, हे मला नंतर कळले. पण फरशी संपते तिथे पायऱ्या लागतात. पायऱ्यांपुढे परस, सौना, आणि मग जंगलात शिरणारी पायवाट. हरणांना आणायचे तर वाट जंगलात सुरू होऊन जंगलातच संपायला हवी, हे शिकाऱ्याला कळायला हवे होते. रेइनोने ती आपल्या घराच्या दारापासून आखली.

जंगलात त्याने फांदीला चिंधी बांधली, तिच्यावर मला उपडी केले आणि समोरच्या लाकडी आडोशात तो बसला. बऱ्याच वेळाने एक मादी पाडसाला घेऊन आली. तिने चिंधी हुंगली, चाटली आणि मान उंचावून इकडेतिकडे पाहिले. खाणे कुठे आहे हे ती शोधीत होती. रेइनोला शिंगे हवी होती, म्हणून त्याने तिला जाऊ दिले. मला मात्र त्या वेळीच लाज वाटली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तिकडे घरी, हेही मला नंतरच कळले, मार्लिन तळघरात कपडे वाळत घालीत होती. आर्वो उठला. फरशीला साबणाचा वास होता, पण दाराच्या फटीतून पायऱ्यांचा वास येत होता. मागच्या दाराची कडी त्यानेच तरुणपणी बसवली होती. डोके विसरले होते, बोटे विसरली नव्हती. त्याने खुंटीवरची नारिंगी टोपी घेतली, सुनेने शिकवल्याप्रमाणे डोक्यावर घट्ट बसवली आणि तो बाहेर पडला.

आडोशात रेइनोचे पाय आखडले होते. चिंधीपलीकडच्या स्प्रूसच्या फांद्या हलल्या. फांद्यांच्या फटीत तपकिरी अंग दिसले. ते सावकाश पुढे आले आणि चिंधीपाशी थांबले. डोके खाली झुकलेले होते, कडेने करडे.

"ये," रेइनो कुजबुजला. "असाच ये."

पूर्ण जनावर दिसल्याखेरीज बंदूक उचलायची नाही. शिंगे पाहायची, पाय पाहायचे, त्याच्यामागे काय आहे तेही पाहायचे. हे त्याला शिकवले होते ते आर्वोनेच. तो नियम त्याला पाठ होता. पण त्याने बोलावणे धाडले होते, आणि कुणीतरी आले होते. जो सापळा लावून वाट पाहतो, तो डोळ्यांनी पाहायच्या आधी मनाने पाहून मोकळा होतो. त्याने गोळी झाडली.

मी त्याच्या छातीवर होते. त्याचे काळीज आनंदाने कसे उसळले, ते मला काचेतून जाणवले. तो हसत उठला, फांद्या बाजूला सारीत चालत गेला. आणि मग ते काळीज असे थबकले की मला वाटले, आता हाही पडणार.

आर्वो चिंधीखाली पडला होता. नारिंगी टोपी त्याच्या डोक्यावर नव्हती. त्याने ती काढून दोन्ही हातांत छातीशी धरली होती. तो लेम्पीच्या स्वयंपाकघरात पोचला होता, आणि तिथे टोपी घालून उभे राहायचे नसते.

"पप्पा," रेइनो म्हणाला. "पप्पा, मी आहे."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "उशीर झाला का रे?" त्याने विचारले.

"नाही, पप्पा. नाही झाला."

त्याने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत. रेइनोने त्याला खांद्यावर घेतले आणि बुटांनी जी वाट आखली होती, त्याच वाटेने तो परत निघाला. मार्लिन त्याला परसातच भेटली. ती हाका मारीत, पावलांचा माग काढीत येत होती.

काउंटीच्या अधिकाऱ्याने अपघात असे लिहून घेतले आणि रेइनोच्या कोटाच्या खिशातल्या वस्तू परत आणून दिल्या. त्यांत मी होते. दफनानंतर लोक घरी आले, कॉफी प्यायले, वेलदोड्याचा पाव त्यांनी खाल्ला. ओस्मो म्हणाला, "मार्लिन, मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारा रस्ता चुकला. कुणाच्याही हातून झालं असतं."

"पप्पा चुकले नव्हते, ओस्मो," ती म्हणाली. "इतक्या सरळ रस्त्यानं ते कित्येक वर्षांत चालले नव्हते."

ओस्मो पेल्यात पाहत राहिला.

पण माणसाची लाज फार दिवस टिकत नाही. शिकारीचा मोसम संपायच्या आत तो पुन्हा दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. बराच वेळ त्याने हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, "ती बाटली तुम्हाला आता नकोच असेल ना? नाही म्हणजे, चिंधीपाशी खुरांचे ठसे पाहिले मी. मोठा नर आहे. वाया कशाला घालवायची?"

मार्लिनने नवऱ्याकडे पाहिले. "काय करू?"

रेइनो खिडकीशी बसून होता. "देऊन टाक," तो म्हणाला. "मला घरात नको ती."

"घरात नको, म्हणून दुसऱ्याच्या खिशात?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मी त्याला गोळीबद्दल क्षमा करू शकले असते. ती भ्रमात झाली होती. 'देऊन टाक' हे उत्तर त्याने शुद्धीवर असताना दिले. मार्लिनने मला उचलले, ओस्मोच्या देखत मोरीत ओतले आणि किटलीतले उकळते पाणी माझ्यात घातले, पुन्हा पुन्हा घातले.

"अगं, चांगला अर्क होता," ओस्मो हळहळला.

"जा तू आता," ती म्हणाली.

तिने सासूला दिलेला शब्द स्वतः कधी मोडला नाही, तरी तो मोडला गेला. अशा शब्दाचे पुढे काय करायचे, हे तिला कुणी सांगितले नाही, पाद्र्यानेही नाही. ती म्हाताऱ्याच्या खोलीत जाऊन त्याच्या खाटेवर बसते, असे मला त्या घरातल्या माझ्या शेवटच्या दिवसांत दिसे. रेइनो दाराशी येई आणि तिथूनच परत फिरे.

आता मी गावाबाहेरच्या उकिरड्यावर पडले आहे. अर्क संपला, पण काच उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. उन्हाने तापले की अजून माझ्यातून तो वास येतो. संध्याकाळी हरणे येतात, नाक लावतात, जीभ घालतात. माझ्यात काही नाही, हे मला त्यांना सांगता येत नाही.

वासावर कुणाचे नाव लिहिलेले नसते. तो भुकेल्या प्रत्येकाला जातो, आणि कोण भुकेला आहे हे बोलावणाऱ्याला आधी कळत नाही. तुम्ही मला विसरा, माझी हरकत नाही. पण मी कुणाला सापडलेच, तर धुऊन पुन्हा भरू नका. दगडावर आपटा. आणि तुकडे खोल पुरा. वर राहिले तर हरणांच्या पायांत जातील.