एसीचा चेहरा आणि प्रुइटसाहेबांचे पंखे

अमेरिकेत, अलाबामातल्या आमच्या गावात पूर्वी कॉलेजच्या खेळाडूला फुकट जेवू घालणं हा गुन्हा होता. रूफस मॅबरी नावाचा आमचा एक धावपटू होता. एका हॉटेलवाल्याने कौतुकाने त्याच्यापुढे तळलेल्या माशाचं ताट ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून रूफसला अख्खा हंगाम बाहेर बसवलं. फुकटच्या माशाने खेळाचं पावित्र्य भंगतं, असं तेव्हाच्या शहाण्यांचं मत होतं. त्याच रूफसचं नाव छापलेले शर्ट विद्यापीठ आपल्या दुकानात विकत असे. त्याने पावित्र्याला काही होत नसे.

मग कायदा बदलला. खेळाडूंनी आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींना खुशाल विकावा, असं ठरलं. पुढच्या वर्षी नियम पुन्हा बदलले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अलाबामाच्या आमदारांचं दवाखान्यांवर कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. पण शेजारच्या राज्यातली पोरं जास्त कमावतात असं कळलं आणि दोन्ही पक्ष गळ्यात गळे घालून बसले. आता आमच्या फुटबॉल संघातली पोरं गाद्या विकतात, गाड्या विकतात, आणि उरलेल्या वेळात वर्गात जातात म्हणे.

एसी क्वान्सा मात्र घानाहून आलेली. बास्केटबॉल खेळणारी, दारातून वाकून आत येणारी, नर्सिंग शिकणारी पोरगी. तिचा व्हिसा शिकण्याचा, कमावण्याचा नाही. तिच्या संघातल्या इतर मुली शाम्पूच्या जाहिराती करत. एसीने शाम्पू नुसता डोक्याला लावायचा. तीच जाहिरात तिने सुट्टीत घरी जाऊन घानात केली, तर मात्र हरकत नव्हती. गुन्हा काय तो आमच्या मातीत होता.

दर रविवारी ती आमच्या चर्चमध्ये यायची. मदर अल्मा, म्हणजे आमच्यातल्या सर्वांत वडील बाई, तिला शेजारी बसवून घ्यायच्या. मी तिथला डीकन. लोकांना जागेवर बसवणं आणि पंखे वाटणं ही माझी कामं. आमच्याकडे हवा थंड करायचं यंत्र आहे, पण ते विजेपेक्षा प्रार्थनेवर जास्त चालतं. म्हणून हातपंखे लागतात. पुठ्ठ्याचे, खाली लाकडी काडी. ते आम्हाला थॅडियस प्रुइट फुकट देतात. त्यांचं अंत्यविधीचं दुकान आहे. पंख्याच्या पुढच्या बाजूला एखादं चित्र, मागे ‘प्रुइट आणि मुलगे, अखेरच्या प्रवासात तुमच्यासोबत’. त्यात कुणाला जाहिरात दिसत नाही. जन्मल्यापासून आम्ही त्यांच्या नावाचा वारा घेतो आणि शेवटी त्यांच्याकडेच जातो.

यंदा प्रुइटसाहेबांना नवं चित्र हवं होतं. तरुण मंडळी प्रार्थना चालवतात त्या रविवारी हात वर करून गाणाऱ्या एसीचा फोटो कुणीतरी काढला होता, तो त्यांनी छापून टाकला. तिला विचारलं नाही. घरच्या लेकराला कोण विचारतं? त्याच रविवारी आम्ही रीतीप्रमाणे तिच्यासाठी थाळी फिरवली आणि जमलं ते पाकिटात घालून दिलं. ती नको म्हणत होती. मदर अल्मांनी ते तिच्या पिशवीत कोंबलं.

पुढच्या रविवारी सगळं चर्च एसीच्या चेहऱ्याने वारा घेऊ लागलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून जगाला दाखवला. दोन दिवसांत विद्यापीठाचे ब्रँट नावाचे साहेब हजर. खेळाडू नियमाने वागतात की नाही हे पाहायचं त्यांचं काम. आम्ही सगळे चर्चच्या जेवणघरात बसलो.

“तुम्ही हिला मोबदला दिला आणि हिने अंत्यविधीची जाहिरात केली, असा याचा अर्थ निघतो,” ब्रँट म्हणाले.

“मोबदला कुठला, बाळा? थाळी फिरवली आम्ही,” मदर अल्मा म्हणाल्या.

“थाळीत पैसे होते?”

“मग काय भेंड्या घालतात?”

प्रुइटसाहेब घसा साफ करून म्हणाले, “साहेब, हिचा फोटो बघून आमच्या गावात एकही माणूस वेळेआधी मेलेला नाही. माझा धंदा होता तिथेच आहे.”

ब्रँट हसले नाहीत. “सरकारला हे काम वाटलं, तर हिचा व्हिसा जाईल. पदवी हातात पडायच्या आत हिला परत जावं लागेल.”

एसी माझ्याकडे वळली. “अंकल, मला घरी जायचंच आहे. पण नर्स होऊन. अशी नाही.”

“फोटो घानात काढला असता तर प्रश्नच नव्हता,” ब्रँट म्हणाले.

“पुढच्या रविवारी चर्च तिकडे नेऊ का?” प्रुइटसाहेबांनी विचारलं.

शेवटी ब्रँटनी तोडगा सांगितला. चेहरा आणि दुकानाचं नाव एका पुठ्ठ्यावर नको. पाकीट परत करायचं. हे सगळं मुलीला न विचारता झालं, असं ते वर कळवतील.

“ते तर खरंच आहे,” मी म्हणालो.

“खरं आहे एवढ्याने भागत नाही, डीकन. पण मदत होईल.”

एसीने पाकीट काढलं. तिने ते उघडलंही नव्हतं. मदर अल्मांनी हात मागे घेतले. “दिलेलं परत घेऊ? वर गेल्यावर मी काय तोंड दाखवू?”

एसी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली, तेव्हा कुठे दोघींची उंची सारखी झाली. “आजी, घ्या. मला इथे राहायचंय.”

बाईंनी ते घेतलं.

शनिवारी आम्ही पंखे घेऊन बसलो. पुठ्ठा प्रुइटसाहेबांचा, त्यामुळे त्यांचं नाव राहिलं आणि चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवायचं ठरलं. एसी मदतीला आली, तर देखरेखीला आलेले ब्रँट घाईघाईने म्हणाले, “तू हात लावू नकोस. याला काम म्हणतात का, ते मला आधी विचारावं लागेल.”

म्हणून ती खुर्चीत बसून स्वतःला झाकलं जाताना बघत राहिली. मधूनच म्हणायची, “अंकल, माझा कान राहिला.”

सगळं संपत आल्यावर तिने हळूच विचारलं, “एक तसाच ठेवता येईल? आईला पाठवायला?”

सगळे ब्रँटकडे बघू लागले. ते विचारात पडले. त्यांनी फोनवर काहीतरी वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं. “घानात? घानात चालेल,” ते म्हणाले, आणि शेवटचा पंखा त्यांनी स्वतःच कागदात गुंडाळला.

महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं. प्रकरण मिटलं होतं, एसी राहणार होती. पुढच्या रविवारी मदर अल्मांनी बिनचेहऱ्याच्या पंख्याने इतक्या जोरात वारा घेतला की काडीच मोडली.

एसीच्या आईचा मात्र त्याच दुपारी फोन आला. पंखा पोचला, वारा छान येतो, फोटोही गोड आलाय. पण शेजारणी मागची ‘अखेरच्या प्रवासात’ ही अक्षरं वाचून सारख्या विचारत होत्या, म्हणून तिलाही विचारायचं होतं: पोरी, तू नर्सच होणार आहेस ना?