करड्या बुटांची मालकीण

कुजबुजरावांचं खरं नाव जहाजावर कोणाला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची गरजही कोणाला पडली नव्हती. नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की खालून पुटपुटायचे, म्हणून कुजबुजराव. नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच.

जहाज प्रवाशांचं, चांगलं मोठं होतं. जेवणघराच्या खालच्या मजल्यावर एक आटोपशीर नाट्यगृह होतं आणि तिथे ही मंडळी दर सफरीला एकच संगीत नाटक करायची. नाटकही जहाजावरचंच. एक श्रीमंत गृहस्थ आणि एक आचारी गंमत म्हणून कपड्यांची अदलाबदल करतात. नायिका आचाऱ्याला श्रीमंत समजते नि श्रीमंताला आचारी. तिची आत्या भलत्याशीच तिचं लग्न ठरवून मोकळी होते, आणि शेवटी कप्तान ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या केबिनमध्ये पोचवतो. मध्ये मध्ये गाणी. प्रवासी पोट धरधरून हसत. कुजबुजरावांना मात्र त्यातलं हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे. माणसाला समोरचा माणूस ओळखू येत नाही, असं कुठे होतं का?

तसा त्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता. आपला आवाज बरा नाही, दिसायला आपण यथातथाच, चारचौघांत बोलायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते, हे सगळं त्यांना मान्य होतं. पण आपण माणूस ओळखायला चुकत नाही, एवढी एक खात्री होती. ते माणसं बुटांवरून ओळखत.

त्याला कारण होतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, एक चौकोनी भोक होतं आणि त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने लाकडी टोपण. त्या भोकात खाली स्टुलावर बसलं की डोकं तेवढं रंगमंचाच्या पातळीला येई. टोपण इतकं ठेंगणं की समोरचा माणूस फक्त गुडघ्यापर्यंत दिसे. कप्तानाचे कुरकुरणारे बूट, आत्याचे उंच टाचांचे, आचाऱ्याचे पांढरे. आणि नायिकेचे करडे, चंदेरी बकलांचे. चेहरे नंतर जेवणाच्या टेबलावर भेटत, पण तोवर कुजबुजरावांची ओळखपाळख उरकलेली असे.

या करड्या बुटांनीच सगळा घोटाळा केला.

दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, देखावा बदलताना, रंगमंचावर अंधार होई. कुजबुजरावांच्या भोकातला छोटा दिवा तेवढा जळत राही आणि त्याचा वितभर उजेड बाहेर सांडे. त्या वितभर उजेडात एके संध्याकाळी करडे बूट येऊन थांबले. उजव्या बुटाच्या टोकाने कागदात गुंडाळलेली एक गोळी हळूच आत सरकवली आणि बूट निघून गेले. घशासाठी चघळतात तसली ज्येष्ठमधाची गोळी. कुजबुजून कुजबुजून घसा कोरडा पडतो, हे कुजबुजरावांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तरी कोणाला तरी ते कळलं होतं.

मग रोजच गोळी येऊ लागली. एक सफर झाली, दुसरी झाली. अंधारात ते बूट रंगमंचावरच्यापेक्षा हलके पडतात, टाच न वाजवता चवड्यावर चालतात, हे कुजबुजरावांच्या लक्षात आलं होतं. पण अंधारात कोण धाडधाड चालेल? त्यांनी स्वतःची समजूत घातली. बूट बाईसाहेबांचे, म्हणजे पायही बाईसाहेबांचेच.

बाईसाहेब म्हणजे मंडळीतली नायिका. पन्नाशीला टेकल्या होत्या, पण रंगमंचावर दर संध्याकाळी विशीत येत. स्वभावाने मोकळ्या, हसऱ्या. कुजबुजराव विधुर. पुस्तकांची एक ट्रंक सोडली तर पाठीमागे पाश नाही. त्या गोळ्यांच्या आधारावर त्यांनी मनात एक छोटंसं घर बांधलं होतं. आत शिरायचा धीर होत नव्हता, एवढंच.

याच सफरीत कपडेपटवाल्या ताई म्हणाल्या, "मी उतरतेय हो आता. परवा सकाळी बंदर आलं की कायमची."

ताई कपडेपट सांभाळायच्या. शिवणं, उसवणं, इस्त्री. मनगटाला टाचण्यांची उशी, पायांत नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या सपाता, विंगेत आवाज होऊ नये म्हणून. जिभेला धार होती. मंडळीतले लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत.

"अरे वा," कुजबुजराव म्हणाले. "कुठे?"

"धाकट्या बहिणीकडे. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. एकटीने रेटत नाही तिला."

"मग माझ्या कोटाची बटणं?"

ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "आज घट्ट करून ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढची तुमची तुम्ही बघा."

त्याच संध्याकाळी अंधारात करडे बूट आले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले. आज एक गोळी नव्हती, कापडाची चिमुकली पिशवी होती. नाडी ओढायची, सुबक शिवलेली आणि गोळ्यांनी गच्च भरलेली. थेंबाथेंबाने देणाऱ्याने एकदम घडाच पालथा केला म्हणजे काय समजायचं? कुजबुजराव आपल्याला हवं ते समजले. तिसऱ्या अंकात कप्तान वाक्य विसरून तीनदा खाकरला तरी यांचं लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाईसाहेबांच्या रंगपटात गेले. बाईसाहेब आरशासमोर भुवया कोरत होत्या.

"या, कुजबुजराव, बसा. अहो, त्या खुर्चीवर नको, आत्याचा टोप आहे तिथे. उगाच बसाल त्याच्यावर."

ते उभेच राहिले. रात्रभर घोकलेलं भाषण आयत्या वेळी दगा देऊन गेलं.

"मला एवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले, "की अंधारातसुद्धा आपण आलात की मला कळतं."

आरशातून नजर न काढता बाईसाहेब उत्तरल्या, "मग आचारीबुवा, उजेडात... उजेडात... पुढे काय हो?"

"उजेडात सूप थंड का आणता," कुजबुजराव सवयीने पुटपुटले.

"हां! उजेडात सूप थंड का आणता. दर वेळी इथेच माझं घोडं अडतं. बरं झालं आलात, पुढचंही म्हणून घेऊ."

तेव्हा कुठे कुजबुजरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या अंकातलं नायकाचं वाक्य वर्षानुवर्षं कुजबुजून त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की मनातलं बोलायला गेले तरी तेच बाहेर आलं.

"तालीम नाही हो ही," ते काकुळतीला आले. "मी खरंच बोलतोय." आणि त्यांनी पिशवी काढून टेबलावर ठेवली. गोळ्यांचं सगळं सांगितलं. बुटांचंही सांगितलं. सांगताना कान तापून लाल झाले.

बाईसाहेबांनी भुवयांची पेन्सिल खाली ठेवली.

"गोळ्या? मी? अहो, तुम्ही मला इतकी वर्षं सांभाळून घेता, त्याबद्दल मी कधी तोंडाने आभारसुद्धा मानले नाहीत. गोळ्या कुठल्या आणतेय!"

"पण बूट तुमचे होते. करडे. चंदेरी बक्कल."

"बूट माझे. पण पाय माझे होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या हसायला लागल्या. "नवा जोड मी घालतच नाही. खाऱ्या हवेत एक जोड फार दिवस टिकत नाही, म्हणून दर सफरीला नवा येतो. एकदा नवाच घालून नाचले आणि फोड येऊन लंगडायला लागले. लोकांना वाटलं विनोद आहे. तेव्हापासून नवा जोड ताई मुरवते. तिचा नि माझा पाय एका मापाचा. कामं करताना घालून हिंडते, कातडं मऊ झालं की मला देते. अंधारात माझी शाल खुर्चीवर टाकायला तीच येते की! तुम्हाला ठाऊक नाही?"

कुजबुजरावांना ठाऊक नव्हतं. जमिनीखालून जेवढं दिसतं तेवढंच त्यांना ठाऊक.

बाईसाहेबांनी पिशवी उलटी केली. "आणि हा टाका बघा. एवढा बारीक टाका या बोटीवर दुसरं कोण घालतं? अस्तर तर माझ्याच जुन्या झग्याचं." मग त्यांचं हसू ओसरलं. "कुजबुजराव, ताई उद्या उतरतेय."

पिशवीभर गोळ्या कशासाठी होत्या, ते आता त्यांना कळलं. त्या पुढच्या दिवसांसाठी होत्या. आणि ते म्हणाले काय होते, तर माझ्या कोटाची बटणं.

ते तसेच कपडेपटाच्या दारात जाऊन उभे राहिले. ताई घड्या घालत होत्या.

"ताई..." ते म्हणाले आणि थबकले. इतकी वर्षं ज्या बाईला ताई म्हटलं, तिच्याशी आता हे कोणत्या तोंडाने बोलायचं? आणि ताई नाही तर काय म्हणायचं? त्यांनी इतकी पुस्तकं वाचली होती, पण एकातही ही अडचण आली नव्हती.

"काय, बटण तुटलं?" ताईंनी विचारलं.

"हो," असं ते म्हणाले खरे, पण कोटाची बटणं तर सगळी जागच्या जागी. तेव्हा पाठ वळवून त्यांनी एक हिसका दिला आणि बटण तिच्या हातावर ठेवलं.

तिने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे तुटलेलं नाही. उपटलंय."

तिने सुईत दोरा ओवला आणि कोट त्यांच्या अंगावर असतानाच बटण लावलं. तिचं डोकं त्यांच्या हनुवटीपाशी होतं. केसांत एक पांढरी बट, तिच्यात अडकलेला निळा दोरा. ती शिवत होती तोवर बोलायला भरपूर वेळ होता. मग तिने दातांनी दोरा तोडला.

"झालं. आणखी काही?"

"नाही," कुजबुजराव म्हणाले, आणि जिन्यापर्यंत स्वतःला शिव्या देत गेले.

संध्याकाळी प्रयोग सुरू झाला. कुजबुजराव भोकात बसले होते खरे, पण वाट पाहत होते ती दुसऱ्या अंकातल्या अंधाराची. तेवढीच एक वेळ उरली होती. सकाळी धक्क्यावर सगळ्या मंडळींसमोर आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे ते ओळखून होते.

अंधार झाला. खुर्च्या सरकल्या. वितभर उजेडात पावलं आली, पण करडे बूट नव्हते. नवा जोड मुरून मालकिणीकडे गेला होता. नमद्याच्या सपाता होत्या. त्या न थांबता पुढे गेल्या. आज गोळी नव्हती. पिशवी दिली होती ना!

"ताई," कुजबुजराव कुजबुजले.

सपाता थांबल्या, मागे वळल्या. "काय?"

"ताई नव्हतं म्हणायचं."

"मग काय म्हणायचं होतं?"

"तेच सुचत नाहीये."

"कमाल आहे," वरून आवाज आला. "सगळ्या बोटीला सुचवता आणि स्वतःला सुचेना?"

"उतरू नका," ते म्हणाले.

"ऐकू येत नाही."

"उतरू नका."

"अहो, मोठ्याने बोला की जरा! तोंडात घास असल्यासारखं काय पुटपुटताय!"

नट जे वाक्य त्यांना रोज ऐकवत, तेच हे. पण आज त्यांनी ते मनावर घेतलं. "उतरू नका!" ते ओरडले. "आणि उतरणारच असाल तर मीही येतो!"

नेमके त्याच क्षणी दिवे लागले.

रंगमंचाच्या मधोमध, एप्रन बांधलेली, मनगटाला टाचण्यांची उशी लावलेली बाई हातात शाल घेऊन उभी. भरलं नाट्यगृह तिच्याकडे पाहत होतं. पियानोवाल्याचे हात हवेतच राहिले. इतक्यात बाईसाहेब विंगेतून आल्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आणि जन्मभर वाक्यं विसरणाऱ्या त्या बाईला वाक्य सुचलं.

"अगं आत्या! हे जमिनीखालून कोण ओरडतंय?"

ताईंनी शाल शांतपणे नायिकेच्या खांद्यावर टाकली.

"कोणी नाही गं बाई. आचाऱ्याचा थोरला भाऊ आहे. उद्या सकाळी माझी ट्रंक उचलायला येतो म्हणतोय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ये. पण आधी ते ताई म्हणणं बंद कर."

हशाने छत उडायची वेळ आली. पियानोवाल्याने लग्नाच्या गाण्याची चाल धरली, ती खरं तर तिसऱ्या अंकातली होती. खरी आत्या विंगेत डोक्यावरचा टोप सावरत उभी होती, तिला काहीच उमजेना. प्रेक्षकांना मात्र ही नवी आत्या फार आवडली. बाहेर पडताना काहींनी तिची चौकशीही केली म्हणतात. कुजबुजरावांना पुढचा अंक आठवत नाही. कोणी वाक्य विसरलं असेल तर ज्याचं त्याने सांभाळून घेतलं.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. शिडीपाशी कुजबुजराव खाली मान घालून उभे होते. तपकिरी बूट आले. जुने, एकदा टाच बदललेले, पॉलिश करून ठेवलेले. हे बूट त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे तिचे स्वतःचे होते.

"वर बघा," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"तुमच्या बहिणीला चालेल ना?" त्यांनी विचारलं. "मला शिवता येत नाही. मला काहीच येत नाही म्हणा."

"वाचता येतं ना? आम्ही शिवू, तुम्ही वाचून दाखवा. मोठ्याने मात्र. बहीण एका कानाने बहिरी आहे." मग ती जरा घुटमळली. "तुमचं नाव काय हो?"

त्यांनी ते हळूच सांगितलं. तिने ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं, आणि मग आपलं सांगितलं.

तिची ट्रंक कुजबुजरावांनी एका हाताने सहज उचलली. दुसरी ट्रंक, पुस्तकांची, दोघांनी मिळून दोन्ही कड्यांना धरून उचलली. पहिल्याच पायरीवर तिला धाप लागली.

"ट्रंक उचलायला येतो म्हणालात," ती म्हणाली, "आणि तुमचंच ओझं माझ्या गळ्यात!"

वरून कठड्यावर रेलून बाईसाहेब हात हलवत होत्या. पायांत करडे बूट होते. कुजबुजरावांनी या वेळी तिकडे पाहिलंही नाही. ते पायरी चुकू नये म्हणून तिच्या तपकिरी बुटांवर लक्ष ठेवून उतरत होते.