धक्क्यावरची पाटी

मी धक्क्यावरची एक जुनी पाटी आहे. जिथून लोक बोटीवर चढतात, तिथेच माझा खांब आहे.

बंदरातल्या साहेबांनी पेंटरकाकांना सांगितलं होतं, "बोटीवर चढायची जागा कळेल असं काहीतरी लिहा." काकांना भारदस्त शब्द हवा होता. त्यांनी माझ्यावर निळ्या रंगात झोकदार अक्षरं काढली: 'आरोहण'. येणारेजाणारे वाहवा करत. मित्रांनो, मी अगदी फुगून गेले होते!

एका सकाळी एक मावशी बोचकं घेऊन माझ्यासमोर थांबल्या. एकेक अक्षर जुळवत त्यांनी मला वाचलं आणि शेजारच्या तरुणीला विचारलं, "आरोहण म्हणजे काय गं?"

"चढणं, मावशी. गिर्यारोहण असतं ना, तसं," म्हणत ती घाईने पुढे गेली.

तिचं चुकलं नव्हतं. डोंगर चढणं, घोड्यावर बसणं, जहाजावर चढणं, सगळ्यालाच तो शब्द चालतो. पण मावशी पुटपुटल्या, "डोंगरवाल्यांची जागा दिसतेय. आपल्याला तर बोटीत बसायचंय."

त्या पार पलीकडे, माल चढवतात तिथे जाऊन बसल्या. मला हाक मारता आली नाही. भोंगा झाला तेव्हा त्या धावत आल्या.

"थांबवा हो! भाऊ आजारी आहे माझा!"

शिडी काढून झाली होती. खलाशी ओरडला, "आता परवाच्या बोटीनं या, मावशी!"

पेंटरकाका जवळच एक होडी रंगवत होते. त्यांनी विचारलं, "वेळेत आला होतात ना? मग चढला का नाहीत?"

"तिथं काहीतरी आरोहण-बिरोहण लिहिलंय. मला वाटलं, तिथं आपलं काम नाही."

काकांनी ब्रश खाली ठेवला आणि वळून मला वाचलं.

मावशी पुढच्या बोटीने गेल्या. परतल्या तेव्हा काका वाट बघत उभे होते. "भेट झाली?"

"नाही. मी पोचायच्या आदल्या दिवशीच गेला. सारखं विचारत होता म्हणे, ताई आली का?"

"मावशी, ती पाटी मीच लिहिली होती." काकांची मान वर होईना.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. तसलं कौतुक पुन्हा कधी वाट्याला येऊ नये.

त्याच दिवशी काकांनी मला खरवडून लिहिलं: 'बोटीवर इथून चढा'. आता लोक वाचतात आणि सरळ चढतात. तरी शिडी काढताना माझा जीव गलबलतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या पाटीसमोर कुणी अडखळलेलं दिसलं, तर नुसता अर्थ सांगून पुढे जाऊ नका. घडीभर थांबा आणि विचारा, "तुम्हाला जायचंय कुठे?"