पाहिलं म्हणून सांगितलं

बादलीत बाळाचे लंगोट भिजत होते. त्यातल्या एकावर जो डाग होता, तो बाळाचा नव्हता. टकळी सात वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून लोकांचे डाग ओळखत आली होती. चहाचा कुठला, गंजाचा कुठला, तिला लांबून कळायचं. हा पिवळट, कडेला तांबूस. तिनं कापड उचललं, वास नाकात शिरला. हा पू होता.

जखम वहिनीची होती, आणि ती रोज बघायचं काम टकळीचं होतं.

टकळी ही वहिनीची नणंद. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही, म्हणून घरात हेच नाव पडलेलं. वहिनी अंगानं चांगली भरलेली. आठ दिवसांपूर्वी तिचं सिझेरियन झालं, मुलगी झाली. घरी सोडताना सिस्टरनं सगळ्यांसमोर बजावलं होतं, "टाके पोटाच्या घडीखाली आहेत. तिथे वारा लागत नाही, घाम साचतो, अशानं जखम चिघळते. दिवसातून दोनदा घडी उचलायची, साबणपाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मधे कोरडं सुती कापड ठेवायचं. यांना स्वतःला ते दिसणार नाही. दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी बघायचं. कोण बघणार?"

"मी!" टकळी म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबेल तर ती टकळी कसली? "पण सिस्टर, उचलायला दोन हमाल तरी द्या हो बरोबर!"

सगळे हसले. वहिनी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरी आल्यावर मात्र ती बाथरूमचं दार आतून लावून घ्यायला लागली. "माझं मी बघते. माझ्याकडे आरसा आहे."

का, ते टकळीला कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. पण खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. रक्त, टाके म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. रोज दुपारी चारला सिस्टरचा फोन यायचा. "पाहिलंत?" "पाहिलं." "लाली, ओल काही?" "छे हो, खडखडीत कोरडं!" पहिल्या दिवशी जीभ जराशी अडखळली. चौथ्या दिवशी तेवढंही झालं नाही.

आणि आता हातात हे कापड.

ती तशीच खोलीत गेली. वहिनी भर दुपारी पांघरूण घेऊन कुडकुडत होती, कुशीत बाळ दूध पीत होतं.

"वहिनी, हे काय आहे?"

"हळू बोल, आई ऐकतील!"

टकळीनं तिच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं. "कधीपासून?"

"परवापासून. पाणीच येतंय गं नुसतं. ओलं लागलं की पावडर टाकते आणि बाळाचा लंगोट ठेवते."

"पावडर? आणि आरसा आहे ना तुझ्याकडे?"

"आरशात पोटच दिसतं! खालचं काही दिसत नाही मला!" वहिनी रडकुंडीला आली.

"मग मला हाक नाही मारायची?"

"दोन हमाल घेऊन?" वहिनी म्हणाली. टकळीनं मान खाली घातली.

"ऊठ. हॉस्पिटलात जाऊ."

"नको गं! ठेवून घेतील मला. पिलू माझ्याशिवाय कशी राहील? माझ्या मावसबहिणीला असंच तीन आठवडे ठेवलं, दूध आटलं तिचं." मग टकळीचा हात घट्ट धरून म्हणाली, "येते मी. पण ताप नाही सांगायचा, वास नाही सांगायचा. आज सकाळीच ओल दिसली म्हणायचं. माझ्या गळ्याची शपथ."

टकळीनं शपथ घेतली. चार दिवस खोटं बोलली होती, अजून एकदा.

निघण्यापूर्वी वहिनीनं जखमेवरून ओला कपडा फिरवला, तापाची गोळी घेतली. दादानं गाडी काढली. हॉस्पिटलात पोचेस्तोवर ताप उतरला. डॉक्टर तरुण होती, सकाळपासून उभी असावी. तिनं घडी उचलून पाहिलं, उजवीकडे दाबलं. "लाली आहे थोडी. ओल कधीपासून?"

"आज सकाळपासून," वहिनी म्हणाली.

"ताप, थंडी?"

"नाही."

"कधी कधी नुसतं पाणी साचतं. गोळ्या देते, परवा दाखवा." लिहिता लिहिता तिनं टकळीकडे पाहिलं. "रोज तुम्हीच बघता ना? कालपर्यंत कोरडं होतं?"

दादा बाळाला घेऊन दाराशी उभा होता. वहिनीचे डोळे टकळीवर खिळले होते, अगदी गयावया करत होते. हो म्हटलं की सगळे घरी. आणि घरी गेल्यावर रात्रीत हिचं काही बरंवाईट झालं तर?

"मी एकदाही पाहिलेलं नाही," टकळी म्हणाली. "फोनवर रोज खोटं सांगितलं. परवापासून ताप आहे, थंडी वाजतेय. घाण वास येतोय. आत्ता गोळी घेऊन आलीय ती."

"टकळे!" वहिनी ओरडली.

दादानं बहिणीकडे असं पाहिलं की तिला वाटलं जमीन दुभंगावी.

डॉक्टरनं पेन ठेवलं. पुन्हा हातमोजे चढवले आणि या वेळी डावा कोपरा जोरात दाबला. काय बाहेर आलं ते टकळीनं पाहिलं नाही, पण खोलीभर वास सुटला. मग धावपळ झाली, सुई आली, भूल दिली, कोपरा उघडला. "आत बरंच साचलंय," डॉक्टर म्हणाली. "परवापर्यंत थांबलो असतो तर जिवावर बेतलं असतं. राहावं लागेल इथे."

"आणि माझी मुलगी?"

"मुलगी तुमच्याजवळच राहील. दूधही पाजायचं. अहो, एवढं विचारायचं तरी!"

वहिनीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पट्टी रोज बदलावी लागेल, घरी गेल्यावरही," सिस्टर म्हणाली. आज तिच्या आवाजात गोडवा नव्हता. "शिकणार कोण?"

टकळी पुढे झाली. सिस्टरनं तिला हात धुवायला लावले, मोजे दिले, दोन्ही हातांनी पोटाची घडी उचलून तिच्या हातात दिली. "धरा."

घडी जड होती, गरम होती. डोळे मिटावेसे वाटत होते, तिनं ते मिटले नाहीत.

"काय दिसतंय?" वहिनीनं भिंतीकडे बघतच विचारलं.

काही नाही गं, एवढंसं आहे. वाक्य जिभेवर तयारच होतं. टकळीनं ते गिळलं.

"तीन बोटं उघडं आहे, वहिनी. खोल आहे. आत लाल आहे."

"पू?"

"आहे. कोपऱ्यात अजून आहे."

वहिनी हमसून हमसून रडायला लागली. टकळीचे हात मागे सरकले.

"सोडू नकोस," वहिनी रडता रडता म्हणाली. "धर नीट. त्यांना साफ करू दे."

टकळीनं धरून ठेवलं.